रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवरची नेमबाजी

अमेरिकेत सरकारी जमिनीवर नेमबाजीसाठी जागा शोधणारा माणूस पहिल्यांदा एवढंच विचारतो : इथे परवानगी आहे का? पश्चिमेकडच्या राज्यांत याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असं मिळतं आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. कायद्याने खुली असलेली जागा आणि गोळी झाडायला योग्य असलेली जागा यांत फार मोठं अंतर आहे. ते भरून काढण्याची जबाबदारी आजवर जवळजवळ पूर्णपणे बंदूक हातात धरणाऱ्यावर टाकली गेली आहे.

मराठी वाचकाला हे चित्र परकं वाटेल. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की बालेवाडीची किंवा वरळीची रेंज आठवते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते अशाच रेंजवर घडलेल्या खेळातून. अशा रेंजवर गोळी कुठून सुटणार, कुठे थांबणार आणि त्या वेळी बाकीची माणसं कुठे उभी राहणार हे बांधणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. अ‍ॅरिझोना, युटा किंवा नेवाडाच्या माळावर गाडी थांबवून लक्ष्य मांडणाऱ्याला हे तिन्ही निर्णय स्वतःच घ्यावे लागतात, आणि त्यासाठी त्याची कसलीही परीक्षा घेतली जात नाही.

जमीन कोणाची, इथून सुरुवात करावी लागते. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे केंद्रीय खातं सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळतं. आपल्या महाराष्ट्रासारखी तीन राज्यं त्यात मावतील. फॉरेस्ट सर्व्हिसकडे आणखी १९.३ कोटी एकर आहेत. एकट्या नेवाडातली सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. या दोन्ही खात्यांचा मूळ दंडक एकच : जिथे बंदी जाहीर केलेली नाही, तिथे नेमबाजी चालते. बीएलएमच्या जमिनीतला फारच थोडा हिस्सा बंद आहे. राष्ट्रीय उद्यानांचं मात्र वेगळं. २०१० पासून तिथे राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र जवळ बाळगता येतं, पण लक्ष्यावर गोळ्या झाडता येत नाहीत. वन्यजीव आश्रयस्थानांपैकी बहुतेक ठिकाणी तसंच आहे. आदिवासी राष्ट्रांच्या राखीव जमिनींवर त्या त्या राष्ट्राचं राज्य चालतं आणि बाहेरच्या माणसाने तिथे बंदूक घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती राज्यांच्या ट्रस्ट जमिनींवर. पश्चिमेची मोजणी झाली तेव्हा जमीन एकेका चौरस मैलाच्या, म्हणजे ६४० एकरांच्या तुकड्यांत आखली गेली आणि अशा ३६ तुकड्यांची एक टाउनशिप धरली गेली. शाळांना उत्पन्न मिळावं म्हणून त्यातले ठरावीक क्रमांकांचे तुकडे राज्यांना दिले गेले. अ‍ॅरिझोनात आणि युटात ते २, १६, ३२ आणि ३६ या क्रमांकांचे. म्हणजे बीएलएमच्या सलग वाटणाऱ्या माळाच्या मधोमध राज्याचा एक चौरस मैल बसलेला असतो आणि जमिनीवर त्याची रेघ दिसत नाही. तीच झुडपं, तीच माती. अ‍ॅरिझोनात ट्रस्ट जमिनीवर फिरण्याचा परवाना पैसे भरून मिळतो, पण त्या परवान्यावर नेमबाजी चालत नाही. अलीकडच्या मैलात जे चालतं तेच पलीकडच्या मैलात गुन्हा ठरू शकतं.

म्हणून नकाशा वाचता येणं ही या छंदाची पहिली पायरी आहे. बीएलएमच्या नकाशांवर त्या खात्याची जमीन पिवळी, फॉरेस्ट सर्व्हिसची हिरवी, राज्याची निळी आणि खासगी जमीन पांढरी दाखवतात. हे थर आता फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मिळतात आणि आपण कोणत्या रंगात उभे आहोत हे ठिपक्यासकट कळतं. पण रंग फक्त मालकी सांगतो. आगीच्या भीतीने कालपासून लागू झालेली बंदी, काउंटीने ठरवलेला गोळीबारबंदीचा पट्टा, शहराची वाढलेली हद्द यांपैकी काहीही त्या रंगात उमटत नाही. लास व्हेगस ज्या क्लार्क काउंटीत आहे तिने असे पट्टे स्वतंत्र नकाशावर आखले आहेत. निघण्याआधी स्थानिक कार्यालयात फोन करणं हा जुना उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे.

आता नियमांकडे पाहू. फॉरेस्ट सर्व्हिसचा नियम मोजका आहे : घर, इमारत, तंबूची जागा, विकसित विश्रांतीस्थळ किंवा माणसांचा वावर असलेली कुठलीही जागा यांच्या १५० यार्डांच्या आत गोळी झाडायची नाही, जंगलखात्याच्या रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे झाडायची नाही, रस्त्यालगतच्या पाण्यावरून झाडायची नाही, गुहेत झाडायची नाही, आणि कुणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल अशी तर कुठेच झाडायची नाही. १५० यार्ड म्हणजे साधारण १३७ मीटर. आता दुसरा आकडा पाहा. पॉइंट टू-टू ही सगळ्यांत छोट्या गोळ्यांपैकी एक, मुलांच्या हाती पहिल्यांदा दिली जाणारी. तिच्या खोक्यावर दीड मैलापर्यंतचा धोका छापलेला असतो. मोठ्या रायफलची गोळी तीन मैलांहूनही पुढे जाऊ शकते.

या दोन आकड्यांमधल्या फरकात सगळा विषय सामावलेला आहे. १५० यार्डांची अट गोळी अडवत नाही. गोळी अडवते ती समोरची माती. नियमातलं शेवटचं कलम, कुणाला धोका होईल अशी गोळी झाडू नका हे, सगळ्यांत महत्त्वाचं असूनही ते मोडलं गेल्याचं बहुधा अपघात झाल्यावरच कळतं. जुलै २०१५ मध्ये कोलोराडोतल्या पाइक नॅशनल फॉरेस्टमध्ये कुटुंबासह तंबू ठोकून राहिलेले एक आजोबा भरकटलेल्या गोळीने मारले गेले. जंगल एकच होतं. त्यात शेकोटी करणाऱ्यांना येण्याचा हक्क होता आणि नेम धरणाऱ्यांनाही. दोघांना एकमेकांचा पत्ता असेल अशी कुठलीच व्यवस्था मात्र नव्हती.

म्हणून मला वाटतं, ‘परवानगी आहे का’ याच्या आधी ‘गोळी कुठे थांबेल’ हे विचारलं पाहिजे. अनुभवी नेमबाज जागा पाहताना हेच पाहतात. मागे भुसभुशीत मातीचा उभा चढ हवा, लक्ष्याच्या कितीतरी वर जाणारा. लक्ष्य त्या चढाच्या पायथ्याशी, म्हणजे नेम थोडा वर गेला तरी गोळी मातीतच घुसेल. टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या रेषेवर काहीही ठेवायचं नाही, कारण पलीकडच्या उतारावर काय आहे हे दिसत नाही आणि जे दिसत नाही तिकडे गोळी पाठवायची नाही. खडकाळ कडा नवख्याला भक्कम वाटतो, पण दगडावरून गोळी उसळते. पाण्यावरून आणि टणक सपाट जमिनीवरूनही उसळते. सोडून दिलेल्या दगडखाणी लोकांना म्हणूनच आकर्षक वाटतात आणि म्हणूनच त्या धोक्याच्या आहेत. वाळवंटातले कोरडे ओढे दोन्ही बाजूंच्या काठांमुळे सुरक्षित भासतात, पण पायी चालणारे आणि चारचाकी मोटारसायकलवाले त्याच ओढ्यांतून जातात. चढाच्या माथ्यावरून एखादी पायवाट जाते का, हे नकाशावर पाहण्याऐवजी स्वतः वर चढून बघितलेलं बरं.

नवख्यांची एक ठाम समजूत विशेष घातक आहे. एखाद्या जागी काडतुसांच्या पुंगळ्यांचा खच पडलेला दिसला की इथे सगळेच येतात, म्हणजे जागा चांगलीच असणार, असा निष्कर्ष काढला जातो. पुंगळ्या फक्त एवढंच सांगतात की इथे आधी कुणीतरी गोळ्या झाडल्या. त्या कुठे गेल्या हे त्या सांगत नाहीत. अशा जागा बहुतेकदा रस्त्याजवळ असतात आणि त्या रूढ झाल्या त्या गाडी लावण्याच्या सोयीमुळे.

आगीचा प्रश्न याहून वेगळा आहे, कारण तिथे नीट नेम लागूनही घात होऊ शकतो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या संशोधकांनी २०१३ मध्ये रायफलच्या गोळ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पोलादी पाट्यावर गोळ्या झाडून त्यांचे तुकडे खाली वाळवलेल्या पीट शेवाळाच्या पेटीत पडतील अशी मांडणी त्यांनी केली होती. पोलादी गाभ्याच्या किंवा पोलादी वेष्टनाच्या गोळ्यांनी आणि संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांनी शेवाळ पुन्हा पुन्हा पेटलं. शिसं भरलेल्या, तांब्याचं वेष्टन असलेल्या गोळ्यांनी एकदाच. तुकड्यांचं तापमान ८०० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं, असं मोजमापातून दिसलं. तांब्याच्या गोळ्यांनी ग्रॅनाइटच्या दगडावर आदळूनही आग लावली. उन्हाळ्यात गवत पिवळं पडलेलं असताना हे एवढं पुरेसं असतं.

युटातल्या सॅराटोगा स्प्रिंग्स या गावाजवळ जून २०१२ मध्ये नेमबाजीतून उडालेल्या ठिणगीने आग लागली आणि हजारो लोकांना घरं सोडून निघावं लागलं. एप्रिल २०१७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या ग्रीन व्हॅलीजवळ होणारं बाळ मुलगा की मुलगी हे रंगीत धुराने जाहीर करण्यासाठी एकाने स्फोटक लक्ष्यावर गोळी झाडली. आग कोरोनाडो नॅशनल फॉरेस्टमध्ये शिरली, सुमारे ४७,००० एकर जळाले आणि नुकसान ८० लाख डॉलरच्या वर गेलं. ते स्फोटक मिश्रण दुकानात सहज मिळतं. सरकारी जमिनीवर मात्र त्यावर जागोजागी बंदी आहे आणि ती असायलाच हवी. युटा, आयडाहो अशा राज्यांत बीएलएम उन्हाळ्याच्या मोसमात आगप्रतिबंधक आदेश काढतं, त्यांत स्फोटक लक्ष्यं आणि पेटती गोळी मना असते. फॉरेस्ट सर्व्हिसचा तर अशा पेटत्या गोळ्यांविरुद्ध कायमचाच नियम आहे. पाण्याचा डबा आणि फावडं गाडीत ठेवणं हा सल्ला प्रत्येक कार्यालय देतं. मी त्यात एवढीच भर घालेन, की गवत वाळलेलं आणि वारा सुटलेला असेल तर परवानगी असली तरी त्या दिवशी परत फिरावं.

कचऱ्याबद्दल लिहिताना राग आवरत नाही. जुने टीव्ही, फ्रीज, गॅसच्या टाक्या, बाटल्या लक्ष्य म्हणून आणायच्या, त्यांच्या चिंधड्या करायच्या आणि तशाच टाकून जायचं, हे पश्चिमेतल्या कित्येक जागांवर दिसतं. स्वयंसेवक ट्रॉल्या भरभरून हा कचरा उचलतात आणि त्यांत नेमबाजांच्याच संघटना पुढे असतात, हेही सांगितलं पाहिजे. जागा बंद होण्यामागे अपघातांइतकाच हा कचराही कारणीभूत असतो. झाडं आणि शिळाचित्रंही गोळ्यांना बळी पडतात. युटातल्या लेक माउंटन्समध्ये प्राचीन शिळाचित्रांवर गोळ्या लागल्यामुळे बीएलएमला काही क्षेत्र नेमबाजीला बंद करावं लागलं. अ‍ॅरिझोनात सग्वारो निवडुंगांचं तेच होतं. दीडशे-दोनशे वर्षं जगणारी ही झाडं चाळणीसारखी भोकं पडलेली आढळतात. १९८२ मध्ये फिनिक्सजवळ एक माणूस एका उंच सग्वारोवर गोळ्या झाडत असताना त्याचीच फांदी अंगावर कोसळून मेला. ही गोष्ट तिकडे गमतीने सांगितली जाते. मला त्यात गंमत दिसत नाही.

अशा नुकसानीमुळे टूसॉनजवळचं आयर्नवुड फॉरेस्ट राष्ट्रीय स्मारक, म्हणजे एक संरक्षित क्षेत्र, २०१३ च्या आराखड्यात नेमबाजीला बंद झालं. सोनोरन डेझर्ट स्मारकाचा वाद मात्र न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. तिथे नेमबाजी खुली ठेवण्याचा बीएलएमचा आराखडा न्यायालयाने २०१५ मध्ये फेरविचारासाठी परत पाठवला. पर्यावरणवादी संघटना म्हणतात, जमीन आधी वाचवा. नेमबाजांच्या संघटना म्हणतात, एका बंदीतून दुसरी निघते आणि शेवटी काहीच उरत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मूळ कारणाबद्दल दोन्ही बाजू फारसं बोलत नाहीत. ‘बंद नसेल तर खुलं’ हा दंडक माणसं विरळ असतानाचा आहे. फिनिक्स १९५० मध्ये जेमतेम एक लाखाचं शहर होतं. २०२० च्या जनगणनेत ते १६ लाखांवर गेलं आणि आजूबाजूची उपनगरं वेगळीच. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, लास व्हेगस यांची वाढही अशीच झाली. कालच्या माळाच्या कडेला आज घरांच्या रांगा आहेत आणि नियम मात्र १५० यार्डांवरच थांबला आहे.

एक जागा बंद केली की नेमबाज घरी बसत नाहीत. ते दहा-वीस मैल पुढे सरकतात, बहुतेकदा आणखी वाईट जागी, जिथे मागे चढ नाही आणि पायवाट कुठून जाते हे त्यांना माहीत नाही. मार्च २०१९ च्या डिंगेल कायद्याने केंद्रीय जमिनींवरच्या बंद्यांना शिस्त लावली : बंदी गरजेपुरत्या लहानात लहान क्षेत्रावर, कमीत कमी काळासाठी आणि लोकांना आधी कळवून. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. प्रत्यक्षात मात्र त्यातून ठिगळांचा नकाशा तयार होतो. दोन हजार एकर इथे बंद, पाचशे तिथे बंद. लावलेल्या पाट्यांवरही कुणीतरी गोळ्या झाडलेल्या असतात आणि नवीन माणसाला काहीच उमगत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांच्या दृष्टीने इथे एक वेगळी, अत्यंत गंभीर बाब आहे. सुटीत मित्रांबरोबर माळावर जाऊन दोन गोळ्या झाडून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याला केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. याला थोडेच अपवाद आहेत आणि त्यांतला सर्वसामान्य माणसाला उपयोगी म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. बंदूक मित्राची आहे, तासाभरासाठी रेंजवर भाड्याने घेतली आहे, हा बचाव चालत नाही. हातात घेतली की ती बाळगली असं धरलं जातं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते आणि शस्त्राचा गुन्हा देशाबाहेर काढलं जाण्याचं कारणही ठरतो. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. फ्लोरिडात एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला विद्यापीठाने काढून टाकल्यावर त्याचा कायदेशीर दर्जा संपला. नंतर तो एका रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला आणि तेवढ्यावर त्याला शिक्षा झाली. ‘रेहाइफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षा टिकू दिली नाही, कारण आपला दर्जा संपल्याचं त्याला ठाऊक होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. पण तिथवर पोहोचेपर्यंत त्या तरुणाचं काय झालं असेल याचा विचार करावा. आधी शिकार परवाना काढा, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. मित्र म्हणतो म्हणून जाऊ नका.

पुन्हा जमिनीच्या प्रश्नाकडे वळू. पूर्वेकडे चित्र निराळं आहे. तिथे सरकारी जमीनच कमी, आणि टेक्सासमध्ये तर जवळजवळ सगळी जमीन खासगी. पेनसिल्व्हेनियात शिकार आयोगाने आपल्या जमिनींवर रेंज बांधल्या आहेत आणि त्या वापरायला शिकार परवाना किंवा रेंजचा परवाना लागतो. म्हणजे जिथे मोकळी जमीन नव्हती, तिथे आधीच ठरावीक जागा निर्माण झाल्या. पश्चिमेला आता त्याच वाटेने जावं लागणार आहे.

तशी सुरुवात झालीही आहे. फिनिक्सच्या उत्तरेला राज्याच्या वन्यजीव खात्याची बेन एव्हरी रेंज कित्येक वर्षांपासून आहे. लास व्हेगसच्या उत्तर टोकाला क्लार्क काउंटीने २,९०० एकरांवर मोठं संकुल उभारलं. त्यासाठी केंद्राने २००२ मध्ये कायदा करून बीएलएमची जमीन काउंटीला दिली. पण मला जास्त आशा वाटते ती बीएलएमने फिनिक्सभोवती केलेल्या साध्या प्रयोगाबद्दल. बाल्डी माउंटन, बॉक्स कॅन्यन, चर्च कॅम्प रोड, नॅरामोर रोड आणि सॅडलबॅक माउंटन या पाच जागा नेमबाजीसाठी ठरवण्यात आल्या. मोठं संकुल नाही, क्लब नाही, स्पर्धा नाहीत. कुठे जायचं हे मात्र ठरलं आणि बाकीच्यांना कुठे जायचं नाही हेही कळलं. गोळी कुठून सुटणार, कुठे थांबणार आणि माणसं कुठे उभी राहणार हे सुरुवातीला मांडलेले तिन्ही निर्णय नेमबाजाच्या डोक्यावरून काढून जागेवर सोपवले की अर्धं काम होतं.

पैशांची सबब इथे चालणार नाही. रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के कर लागतो आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तो पैसा वन्यजीवांसाठी व रेंजसाठी राज्यांकडे जातो. म्हणजे नेमबाज प्रत्येक काडतुसामागे पैसे भरतच असतात. मे २०१९ च्या दुरुस्तीने रेंज उभारण्याच्या खर्चात केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, राज्याला दहाच टक्के जमवावे लागतात. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक्सप्लोर कायद्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं : फॉरेस्ट सर्व्हिस आणि बीएलएम यांनी आपल्या पात्र जंगलांत व जिल्ह्यांत नेमबाजीसाठी किमान एक ठरावीक जागा पाच वर्षांत उपलब्ध करून द्यायची.

रेंज बांधणं म्हणजे जमीन आखून पाटी लावणं नव्हे. मातीचा बांध दरवर्षी झिजतो आणि त्यात शिसं साठत जातं. ते काढून पुन्हा वितळवायला पाठवायचं कसं, पावसाच्या पाण्यात ते झिरपू द्यायचं नाही कसं, याची मार्गदर्शक पुस्तिका पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ सालीच काढली होती. ते काम कुणाच्या अंदाजपत्रकात बसणार हे आधीच ठरवलं पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागा कुठे. जिल्ह्यागणिक एक असा हिशेब पूर्ण करताना सोपी वाट म्हणजे कुणी जात नाही अशा कोपऱ्यातली जमीन दाखवून मोकळं होणं. कायद्याचा शब्द त्याने पाळला जाईल, पण पाइक जंगलातल्या तंबूंच्या किंवा सॅराटोगा स्प्रिंग्सच्या घरांच्या जवळ उद्याही तीच माणसं गोळ्या झाडत असतील. ज्या शहरांच्या वेशीवर बंद्या वाढत गेल्या, पहिल्या जागा तिथेच, अर्ध्या तासाच्या अंतरावर, मातीच्या उंच बांधांसह उघडल्या पाहिजेत. जवळचा एखादा तुकडा बंद करायचा असेल तर त्याच आदेशात दुसरी जागा कोणती हे लिहिलेलं असलं पाहिजे.